कशेळ्याचे पाणी आणि रोहिणीचा तंटा : प्रादेशिक नियोजनात अग्रक्रम कोणाचा?

कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर कशेळे लागते. आजूबाजूच्या वाड्यापाड्यांसाठी हेच बाजाराचे गाव. ग्रामीण रुग्णालय इथेच आहे आणि खांडसकडे जाणारी वाटही इथूनच फुटते. पूर्वेला भीमाशंकरची डोंगररांग उभी आहे. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि या डोंगरपायथ्याला तो आडवातिडवा झोडपतो. तरीही एप्रिल-मे उजाडला की याच तालुक्यातल्या वाड्यांमध्ये टँकरची वाट पाहिली जाते. बाया नदीच्या कोरड्या पात्रात डवरे खणतात आणि वाटी-वाटीने हंडा भरतात.

पाऊस इथे आहे, नद्या इथे आहेत, धरणांच्या जागाही इथेच आहेत. मग हंडा रिकामा का? या प्रश्नाचे उत्तर आकाशात शोधू नये. ते नियोजनाच्या कागदांत आहे. आमचे म्हणणे एवढेच आहे की, कर्जत-खालापूरच्या नियोजनात जिथून पाणी येते तिथल्या माणसाला आधी पाणी, आधी सुरक्षित घर आणि निर्णयाच्या बैठकीत खुर्ची मिळाली पाहिजे. हा अग्रक्रम लागला नाही, तर ‘शाश्वत विकास’ हा शब्द फक्त फलकावर राहील.

काय ठरले आहे?

मुंबई महानगर प्रदेशाचा विस्तार आज सुमारे ६,३२८ चौरस किलोमीटर आहे. खालापूर आणि कर्जतचा काही भाग त्यात येतो. २०१६ ते २०३६ या वीस वर्षांची प्रादेशिक योजना २०२१ मध्ये मंजूर झाली. २०२४ मध्ये नीती आयोगाने या प्रदेशाची अर्थव्यवस्था २०३० पर्यंत ३०० अब्ज डॉलरवर नेण्याचा आराखडा मांडला. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेमार्ग उभा राहतो आहे. म्हणजे पुढच्या दहा वर्षांत महानगर घाटाच्या पायथ्यापर्यंत येऊन टेकणार, हे उघड आहे.

वाढत्या शहराला पाणी लागते. २०२५ च्या मे महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने कर्जत तालुक्यातील दोन धरणांना मंजुरी दिली. पोशीर प्रकल्पाची किंमत सुमारे ६,३९४ कोटी रुपये, तर शिलार प्रकल्पाची सुमारे ४,८७० कोटी रुपये. पोशीरचा साठा बारा टीएमसीच्या वर आणि शिलारचा साडेसहा टीएमसीच्या आसपास असेल. दोन्ही मिळून अकरा हजार कोटींहून अधिक खर्च, आणि मुख्य उद्देश महानगर प्रदेशातील शहरांना पिण्याचे आणि औद्योगिक वापराचे पाणी पुरवणे.

त्याआधी, ऑगस्ट २०२३ मध्ये, भिवपुरी येथे १,००० मेगावॉटच्या उदंचन जलविद्युत प्रकल्पासाठी टाटा पॉवर आणि राज्य शासन यांच्यात सामंजस्य करार झाला. उदंचन म्हणजे विजेची मागणी असते तेव्हा वरचे पाणी खाली सोडून वीज बनवायची आणि मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पुन्हा वर चढवायचे. सौर आणि पवन ऊर्जेच्या काळात अशी साठवण लागते, हे आम्हाला मान्य आहे. पण भिवपुरीचे पाणी आज फक्त वीज बनवून थांबत नाही. वीजनिर्मितीनंतर खाली येणाऱ्या या पाण्यामुळे पेज नदी उन्हाळ्यातही वाहती राहते आणि राजनाला कालव्यावर कर्जतचे शेतकरी उन्हाळी भात काढतात. पाणी पुन्हा वर गेले तर राजनाल्याला किती आणि कधी मिळेल? हा प्रश्न ग्रामसभेत लेखी विचारला गेला पाहिजे आणि त्याचे उत्तरही लेखी आले पाहिजे.

शंभर वर्षांचा हिशेब

या भागासाठी हे काही नवे नाही. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ मध्ये. घाटमाथ्यावर अडवलेले पाणी खाली सोडून तयार झालेल्या विजेवर मुंबईच्या गिरण्या आणि पुढे आगगाड्या चालल्या. त्याच काळात, १९२१ पासून, घाटावर मुळशीचे शेतकरी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह करत होते. त्यानंतर खालापुरात मोरबे धरण आले. नवी मुंबईचे स्वतःचे धरण म्हणून त्याचा उल्लेख अभिमानाने होतो.

या मोरबे धरणाच्या वरच इर्शाळगड उभा आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्या गडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ही ठाकर समाजाची वाडी. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे सापडलीच नाहीत आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. वाडीला रस्ता नव्हता, म्हणून यंत्रे वर पोहोचली नाहीत. जवानांनी आणि तरुणांनी चिखलात पायी चढून हातांनी माती उपसली. दरडींचा धोका असलेल्या गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते.

खाली पाहिले तर लाखो लोकांची तहान भागवणारे धरण, त्यापलीकडे द्रुतगती मार्गावरून धावणाऱ्या गाड्या. आणि वर चालत जाण्याखेरीज दुसरी वाट नसलेली वाडी. धरणासाठी पैसा, जमीन आणि मंजुरी हे सगळे जुळून येते. वाडीचा रस्ता किंवा वाडीसाठी सुरक्षित जागा मात्र जुळून येत नाही. अग्रक्रम याला म्हणतात. तो भाषणातून कळत नाही. आधी काय बांधले आणि काय राहून गेले यातून कळतो. वाचलेल्या कुटुंबांसाठी चौकजवळ पक्की घरे बांधली गेली. मग ती जागा आधी का सापडली नाही?

२०१४ मध्ये माळीण, २०२१ मध्ये तळिये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी. तिन्ही सह्याद्रीच्या उतारावरची, तिन्ही जुलै महिन्यातली. माळीण तर भीमाशंकरच्या पलीकडच्या उतारावर, म्हणजे कशेळ्याहून दिसणाऱ्या त्याच डोंगररांगेत. पुढचे नाव कोणते असेल याची वाट पाहणे हे नियोजन नव्हे.

रोहिणीचा तंटा आणि पाच जणांची समिती

हा विषय आदिवासींचा आहे, शेतकऱ्यांचा आहे. बौद्ध तरुणांनी त्यात का पडावे, असा प्रश्न काही जण विचारतात. त्यांना आम्ही बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाची आठवण करून देऊ. सिद्धार्थाने घर का सोडले? म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून, ही परंपरागत कथा बाबासाहेबांनी स्वीकारली नाही. त्यांनी कारण दिले ते रोहिणी नदीच्या पाण्याचे. शाक्य आणि कोलीय दोघेही त्या नदीवर शेती करत. पाणी आधी कोणी घ्यायचे यावरून मारामारी झाली आणि शाक्य संघ युद्धाला निघाला.

सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. त्याने व्यवहार्य तोड सुचवली : दोघे आपले, दोघे त्यांचे, आणि या चौघांनी निवडलेला पाचवा, या पाच जणांनी चौकशी करून तंटा मिटवावा. संघाने बहुमताने ती सूचना फेटाळली आणि सिद्धार्थाला परिव्रज्या घ्यावी लागली. म्हणजे बाबासाहेबांच्या मांडणीत धम्माच्या वाटेची सुरुवातच पाण्याच्या न्याय्य वाटपाच्या प्रश्नातून होते.

त्या सूचनेत दोन गोष्टी आहेत. पाणी ज्यांच्या दारातून वाहते त्या सर्वांना निर्णयात समान जागा, आणि बळाऐवजी चौकशी. आज उल्हास, पेज, पोशीर आणि शिलार या नद्यांबाबत अशी समिती कुठे आहे? शहरांच्या बाजूला महापालिका आहेत, प्राधिकरणे आहेत, सल्लागार कंपन्या आहेत. वाडीच्या बाजूने कोण बसते?

याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्याले. सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा समान हक्क आहे, हे त्या दिवशी सिद्ध करायचे होते. आज तळ्यावर कोणी पाटी लावत नाही. पाणी जलवाहिनीतून निघून जाते आणि जिच्या उंबऱ्यावरून ती वाहिनी गेली तिच्या घरात नळ नसतो.

लेण्यांचा वारसाही याच गोष्टीकडे बोट दाखवतो. कशेळ्याहून कोठलीगडाकडे जाताना आंबिवलीचे लेणे नदीकाठच्या खडकात कोरलेले आहे. राजमाचीच्या पायथ्याला, उल्हासच्या खोऱ्यात कोंडाणे लेणी आहेत. बंदरावरून घाट चढणाऱ्या वाटांवर भिक्खूंचे हे मुक्काम होते. कान्हेरी आणि जुन्नरच्या शिलालेखांत पाण्याच्या पोढी दान केल्याच्या नोंदी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्याला वाटसरूसाठी पाण्याची सोय आधी सुचली. आपण वर्षावासात लेण्यांना भेटी देतो, फोटो काढतो. त्या लेण्यांखालच्या वाडीत पाणी आहे का, हेही त्याच फेरीत पाहावे.

आम्ही धरणाच्या विरोधात नाही

गैरसमज होऊ नये म्हणून स्पष्ट सांगतो. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना पाटबंधारे आणि वीज हे विषय बाबासाहेबांकडे होते. दामोदर आणि महानदी खोऱ्यांच्या बहुउद्देशीय योजनांचा पाया त्याच काळात घातला गेला. नदीकडे संपूर्ण खोरे म्हणून पाहावे आणि एकाच पाण्यातून पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक साधावी, ही त्यांची दृष्टी होती. शहरातही आपलीच माणसे राहतात. कळंबोली, तुर्भे, उल्हासनगर, अंबरनाथच्या वस्त्यांतल्या नळालाही पाणी हवे.

आक्षेप धरणाला नाही, एकाच उद्देशाच्या धरणाला आहे. पोशीर-शिलारचे पाणी शेकडो कोटींच्या वाहिन्यांतून शहराकडे जाणार असेल, तर त्याच अंदाजपत्रकात तालुक्यातील प्रत्येक वाडीच्या नळजोडणीचा खर्च का धरू नये? खोऱ्याचा विचार करायचा तर खोऱ्याच्या उगमापासून करावा लागेल.

जमीन गुंठ्यावर गेली, माणूस कुठे गेला?

पाण्यामागोमाग जमीन येते. कर्जत-खालापूरमध्ये जमिनीचा भाव आता एकरात कोणी सांगत नाही, गुंठ्यात सांगतात. फार्महाऊस, सेकंड होम, रिसॉर्ट. कुंपण पडले की गुराखीवाट बंद, ओढ्याची वाट बंद, कधी स्मशानाचीही वाट बंद.

भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देणारी कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना २००४ पासून आहे. ज्या दादासाहेबांनी १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांत हजारोंना तुरुंगात नेले, त्यांचे नाव या योजनेला आहे. पण २०१८ च्या निर्णयानुसार जमीन खरेदीची कमाल मर्यादा जिरायतीसाठी एकरी पाच लाख आणि बागायतीसाठी आठ लाख रुपये ठेवली गेली. महानगराच्या सावलीतल्या तालुक्यात या दराने जमीन विकायला कोण तयार होईल? योजना कागदावर जिवंत आहे, बाजाराने मात्र तिला केव्हाच मागे टाकले आहे. प्रादेशिक योजनेत गृहनिर्माणासाठी, उद्योगासाठी जागा राखता येते, तर भूमिहीनांसाठी का नाही?

दुसरी बाब महार वतनाच्या जमिनींची. १९५८ च्या कायद्याने वतने गेली, जमिनी अटीवर परत मिळाल्या. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिलेली जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. तरीही काय घडू शकते, हे नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या मुंढव्यात सुमारे ४० एकर महार वतन जमिनीच्या व्यवहाराने राज्याला दाखवून दिले. तो व्यवहार गाजला कारण तो शहरात होता आणि रक्कम ३०० कोटींची होती. कर्जत-खालापुरातल्या दहा गुंठ्यांच्या व्यवहारावर कोणती वाहिनी येणार आहे? आजोबांच्या नावाचा सातबारा आणि वारसांच्या नोंदी आपल्यालाच तपासाव्या लागतील.

कायद्यातल्या फटी आणि कायद्यातले दरवाजे

घाटमाथ्यावरील आंबेगाव तालुक्याचा आदिवासी भाग अनुसूचित क्षेत्रात येतो; तिथे पेसा कायदा आहे. घाट उतरून कर्जतला आले की तोच महादेव कोळी, तोच ठाकर, तोच कातकरी. पण रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. डोंगराच्या एका उताराला ग्रामसभेचे जे अधिकार आहेत, ते दुसऱ्या उताराला नाहीत. धरणे मात्र या दुसऱ्या उताराखाली होणार आहेत.

तरीही काही दरवाजे उघडे आहेत. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) प्रमाणे रस्ता, शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाण्याच्या टाक्या आणि जलवाहिन्या अशा १३ सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने मिळू शकते. ‘वनखात्याची जमीन आहे, रस्ता होणार नाही’ हे उत्तर शेवटचे समजू नये.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत कोणत्याही प्रकल्पात जमीन गमावणाऱ्या अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला संपादित जमिनीएवढी किंवा अडीच एकर, यांपैकी जी कमी असेल तितकी जमीन देण्याची तरतूद आहे. पण संपादनाऐवजी ‘थेट खरेदी’चा करार झाला, तर हा हक्क राहतो का? सही करण्यापूर्वी हे लेखी विचारावे.

आणि महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ प्रमाणे प्रादेशिक योजनेचा मसुदा जाहीर झाल्यावर हरकती-सूचनांसाठी किमान चार महिने द्यावे लागतात. बिल्डरांचे वास्तुविशारद हे चार महिने वापरतात. आपली मंडळे ते वापरत नाहीत, कारण मसुदा आला हेच आपल्याला कळत नाही.

आमचे चार अग्रक्रम

पहिला, पाणी. कर्जत-खालापुरातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाणी योजनेत तालुक्यातील वाड्या-वस्त्यांचा वाटा आधी निश्चित करावा आणि त्यांची नळयोजना धरणाआधी पूर्ण करावी. राजनाल्याचे उन्हाळी आवर्तन करारातच लिहून घ्यावे.

दुसरा, सुरक्षित वस्ती. डोंगरउतारावरील प्रत्येक वाडीची पाहणी करावी, केवळ जुन्या यादीतल्या गावांची नव्हे. जिथे धोका आहे तिथे वाडीच्या संमतीने, शेती आणि जंगलापासून फार दूर नसलेली जागा योजनेच्या नकाशावर राखून ठेवावी.

तिसरा, जमिनीची आणि जंगलाची पुनर्बांधणी. कशेळे हे धान्य बँकेच्या कामासाठी ओळखले जाते. अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी कुटुंबांबरोबर ते काम इथेच केले. पावसाळ्यात सावकाराच्या दारात जाण्याऐवजी गावच्या कोठारातून धान्य उचलायचे आणि सुगीनंतर परत भरायचे. पुनरुज्जीवन म्हणजे नदीकाठचे सुशोभीकरण नव्हे. ओढ्यांवरचे बंधारे, सामूहिक वनहक्काच्या जंगलाची राखण, भाताचे बियाणे आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जावे लागणार नाही इतका रोजगार म्हणजे पुनरुज्जीवन. दीघनिकायातल्या कूटदंत सुत्तात यज्ञावर खर्च करण्यापेक्षा शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि सेवकाला वेतन द्यावे, असा सल्ला राजाला मिळतो. नियोजनाचे याहून सोपे सूत्र आम्हाला माहीत नाही.

चौथा, खुर्ची. प्रत्येक नदीखोऱ्यासाठी उगमाकडच्या ग्रामसभा आणि पाणी वापरणारी शहरे यांच्या समसमान प्रतिनिधींची समिती असावी. रोहिणीच्या काठी जी सूचना फेटाळली गेली, ती उल्हासच्या काठी मान्य व्हावी.

आता आपले काम

२०११ च्या जनगणनेनुसार रायगड जिल्ह्यात अनुसूचित जमाती सुमारे ११ ते १२ टक्के आणि अनुसूचित जाती सुमारे ५ टक्के आहेत. एकटे आपण थोडे आहोत, हे खरे. म्हणूनच ठाकर, कातकरी, महादेव कोळी आणि छोट्या शेतकऱ्यांशी मैत्री हा राजकीय सोयीचा प्रश्न नाही. मैत्री हे धम्माचे मूल्य आहे. जयंतीच्या वर्गणीला आपण वाडीवर जात नाही, पण हरकतीच्या अर्जाला जाऊ शकतो.

प्रत्येक बुद्धविहारातल्या तरुणांनी या वर्षी तीन कामे हाती घ्यावीत. आपल्या वस्तीतील सर्व सातबारे आणि फेरफार काढून एका फाईलमध्ये लावावेत. गावाचा प्रादेशिक योजनेतला नकाशा मिळवून तो विहाराच्या भिंतीवर चिकटवावा आणि आपले घर, विहीर, स्मशान त्यावर कुठे आहे ते ज्येष्ठांकडून समजून घ्यावे. आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांना हजर राहून पाणी आणि सुरक्षित वस्ती यांवर ठराव मांडावा, तो इतिवृत्तात लिहिला गेला की नाही हे पाहूनच उठावे.

महाडला आपले पूर्वज ओंजळभर पाण्यासाठी चालत गेले. आपल्याला ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंत जायचे आहे.

जय भीम.